अंडं लपवा, घंटा बांधा, मेथी पेरा

पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत सुरू झालं की चर्चच्या घंटा जोरजोरात वाजतात, आणि मग गप्प होतात. शुक्रवार जातो, शनिवारचा दिवस जातो, घंटा वाजत नाही. तिच्याऐवजी लाकडाचं खडखडं वाजवायची जुनी रीत आहे. शनिवारी रात्री जागरणाच्या उपासनेत पुन्हा ग्लोरिया येतं आणि सगळ्या घंटा एकदम सुटतात.

मी वसईत वाढले, इथेच बरीच वर्षं बालवाडी चालवली, आणि आता घरात अडीच वर्षांची नात आहे. इतकी वर्षं लहान मुलांत काढल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली आहे. ईस्टरच्या आठवड्यात मुलांना शिकवायला वेगळं काही शोधावं लागत नाही. हा आठवडाच लहान मुलाच्या कान-डोळ्यांचा आणि हातांचा आहे. आवाज थांबतो आणि पुन्हा येतो. चर्चमधले दिवे मालवतात आणि एका मेणबत्तीवरून शेकडो मेणबत्त्या पेटतात. झावळ्या हातात मिळतात, पाय धुतले जातात, कबरीवरचा दगड बाजूला होतो आणि आत पाहिलं तर कोणीच नसतं. एक ते तीन वर्षांच्या मुलाला जगाविषयी जे प्रश्न पडलेले असतात, तेच हे. गेलेलं परत येतं का? झाकलेलं असतं की नसतं? आत्ता नाही म्हणजे कधीच नाही का?

मार्च उजाडला की तरुण आया मला फोनवर ससे आणि अंड्यांची छापील चित्रं पाठवतात. “बाई, हे रंगवून घेऊ का?” त्यांचा उत्साह मला आवडतो, पण दोन वर्षांच्या मुलापुढे रेघेच्या आत रंगवायचा कागद ठेवून त्याच्या हाती काही लागत नाही. त्याची बोटं अजून खडू मुठीत धरतात. शेवटी आईच ससा रंगवते आणि मूल खडूवरचा कागद सोलत बसतं. खरं तर त्या वेळी ते सोलणं शिकत असतं, फक्त तिकडे कोणाचं लक्ष नसतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पानं, बिया, शिंपले, माती अशा भोवतालच्या वस्तूंवर त्यांनी बालवाडी उभी केली. ईस्टरलाही मला तोच रस्ता बरोबर वाटतो. सामान घरातलं, एका वेळी एकच गोष्ट, आणि ती करणारे हात मुलाचे.

ज्यांच्या घरी हा सण नसतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्रुसावर मरण आलेला येशू तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत झाला, त्याचा हा सण. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, आणि शेवटचा आठवडा हा पवित्र आठवडा. तारीख चंद्रावर ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. २०२६ साली तो ५ एप्रिलला होता आणि २०२७ साली २८ मार्चला आहे. २०२६ मध्ये हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी, २ एप्रिलला आले. चंद्र एकच, तेव्हा असं जुळून येणारच. म्हणून पहिला उपक्रम अगदी बिनखर्चाचा आहे. त्या आठवड्यात रोज रात्री झोपण्याआधी मुलाला गच्चीवर किंवा खिडकीशी नेऊन चांदोबा दाखवायचा. गोल झाला का? कालच्यापेक्षा मोठा? आणि तो उगवताना दिसला नाही, तर “अजून आला नाही, येईल” एवढंच सांगायचं. ख्रिस्ती घर असो वा नसो, हे करायला काहीच अडत नाही.

खरी सुरुवात झावळ्यांच्या रविवारी होते. चर्चमधून आशीर्वादित झावळी घरी येते. मोठी माणसं तिच्या पात्यांचे क्रूस विणतात. मुलाला मात्र एक कोवळी, कडा न कापणारी पाती द्यावी आणि ती शिरेच्या बाजूने फाडू द्यावी. फाडताना जो सर्र आवाज येतो तो मुलांना फार आवडतो. दोन्ही हातांनी दोन दिशांना ओढायचं असल्यामुळे हातांचा मेळही बसतो. मग ती पाती हलवत घरभर मिरवणूक काढायची. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या झावळ्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात, हे थोड्या मोठ्या भावंडांना सांगता येईल. त्यांना ते ऐकून नवल वाटतं.

त्याच दुपारी मेथी पेरायची. बालवाडीतल्या सगळ्या उपक्रमांमध्ये माझा जीव यावर सर्वांत जास्त. एक पसरट परात घ्या, जुनी असली तरी चालेल. तिच्यात दोन बोटं माती घाला. आदल्या रात्री भिजवलेले मेथीचे दाणे मुलाच्या हाताने पसरू द्या, वर मातीचा पातळ थर द्या आणि हाताने पाणी शिंपडा. इथे घाई करू नका. ओली मेथी बुळबुळीत होते, तो स्पर्श मुलाला मनासारखा घेऊ द्या. एप्रिलच्या उकाड्यात दोन-तीन दिवसांत मोड वर येतात आणि रविवारपर्यंत बोटभर हिरवळ होते. गहू पेरलात तरी चालेल. ज्यांच्याकडे नवरात्रात घटाचं धान रुजतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. पोलंडमध्ये ईस्टरच्या टेबलावर अशीच रुजवलेली हिरवी पालवी ठेवतात. सार्डिनियात अंधारात रुजवलेले, पिवळसर गव्हाचे कोंब पवित्र गुरुवारी चर्चमध्ये नेऊन ठेवतात. मातीत पडलेला दाणा आणि त्याला आलेलं पीक, हा दाखला येशूनेच दिलेला आहे, तेव्हा हा नुसता हातांचा खेळ नाही.

मूल रोज काय करील? दुसऱ्या दिवशी माती उकरून बघेल की मेथी आहे की गेली. उकरू द्या. त्यासाठी परातीचा एक कोपराच त्याच्या नावाने ठेवून द्यावा. नातीने एका कोपऱ्यातून दाणा काढला, त्याला आलेला पांढरा मोड पाहिला आणि धावत येऊन मला म्हणाली, “आजी, शेपूट!” मोड हा शब्द मी तिला नंतर सांगितला.

त्याच परातीची आता येशूच्या कबरीभोवतीची छोटी बाग करायची. एका कडेला अर्धी करवंटी उपडी ठेवून मातीत बसवा, पुढे आत जायला जागा ठेवा आणि त्या तोंडावर मुलाच्या मुठीपेक्षा मोठा गोटा लावा. ही कबर. गुड फ्रायडेला पांढऱ्या कापडात गुंडाळलेली छोटी चिंधीची बाहुली तिच्यात ठेवून गोटा लावायचा. रविवारी पहाटे, मूल उठण्याआधी, बाहुली काढून घ्यायची आणि आत फक्त घडी केलेलं कापड ठेवायचं. योहानाच्या शुभवर्तमानात रिकाम्या कबरीत कापडं पडलेली दिसतात आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो, तो तपशील या घडीत येतो. सकाळी गोटा मुलालाच ढकलू द्या.

आता गोष्ट किती आणि कशी सांगायची? यावर आमच्या शिक्षिकांमध्ये मतभेद आहेत, माझं मत मी सांगते. तीन वर्षांखालच्या मुलाला खिळे, चाबूक, काटे यांची वर्णनं देऊ नयेत. त्याची गोष्ट बागेतून सुरू व्हावी. सकाळ आहे, मग्दालिया मरीया रडते आहे, दगड सरकलेला आहे, येशू तिला तिच्या नावाने हाक मारतो आणि ती ओळखते. एवढ्यात लहान मुलाला हवं ते सगळं आलं, कारण नावाने मारलेली हाक त्याला सर्वांत आधी कळते. चर्चमध्ये क्रुसाकडे बोट दाखवून मूल विचारतंच, “बाऊ?” तेव्हा खोटं बोलायचं नाही. “हो, येशूला लागलं, खूप दुखलं, तो मेला. मग देवाने त्याला पुन्हा जिवंत केलं.” आवाज शांत ठेवून एवढं सांगितलं की पुरतं.

आणखी एक गोंधळ होतो आणि तो मोठ्यांच्या ध्यानात येत नाही. लहानग्याच्या मनातला येशू नाताळच्या गोठ्यातला असतो, गवतावर झोपलेलं बाळ. तीन-चार महिन्यांत तो क्रुसावर मोठा पुरुष होतो, हे मुलाला जुळवता येत नाही. म्हणून मी आधी मुलाचाच तान्हेपणीचा फोटो दाखवते. हा तू होतास, आता एवढा झालास. मग गोठ्यातलं बाळ आणि मोठा झालेला येशू. फोटोंची ही जोडी दाखवल्यावर मुलांचे चेहरे सैल होतात.

गुरुवारी पाय धुवायचे. येशूने शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, म्हणून चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी तिथे फक्त पुरुष बसत. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला आणि स्त्रियाही बसू लागल्या. घरी मात्र धुणारं मूल असावं आणि पाय आजोबांचे. एक परात, तांब्यात कोमट पाणी, एक पंचा. तांब्या अर्धाच भरा, म्हणजे त्याला तो पेलता येईल. मूल पाणी ओततं, बोटांमध्ये हात घालतं, पंचाने पुसतं. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाची सेवा करायची संधी क्वचितच मिळते. एरवी त्याचंच सगळं केलं जातं. आमच्याकडे आजोबांच्या अंगठ्याच्या जाड नखाला बोट लावून नात बराच वेळ बघत राहिली, मग स्वतःच्या नखाला लावून बघितलं. पाण्याशी मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, पाणी चार बोटं असलं तरी. परात लगेच रिकामी करा आणि फरशी पुसून घ्या.

त्याच रात्रीपासून घंटेचा खेळ. घरातली छोटी घंटी दोरीने दाराला टांगा. गुरुवारी मुलाला ती मनसोक्त वाजवू द्या. मग तिच्या लोळीला कापड बांधायचं. “आता घंटी झोपली.” दोन दिवस तिच्याऐवजी दोन लाकडी चमचे एकमेकांवर आपटायचे. रविवारी सकाळी कापड सोडायचं काम मुलाचं. थांबणं या वयाला फार अवघड जातं. आवडता आवाज हाताशी असताना तो न काढणं हा मोठाच अभ्यास आहे, आणि सगळी मुलं तो पार पाडतील असं नाही. कोणी मध्येच कापड ओढून काढलं तर हसून पुन्हा बांधावं.

शनिवार अंडी रंगवायचा. उपवासकाळात एके काळी अंडीही वर्ज्य होती, पण कोंबड्या काही अंडी द्यायच्या थांबत नाहीत. साठलेली अंडी ईस्टरला बाहेर यायची. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंडी रंगवून, सोन्याच्या वर्खाने मढवून घेतल्याची नोंद सापडते, खर्च अठरा पेन्स. कवचातून पिल्लू बाहेर येतं, म्हणून अंडं रिकाम्या कबरीचं चिन्ह झालं.

रंग बाजारातून आणू नका, स्वयंपाकघरात आहेत. चांगल्या दोन-तीन मुठी कांद्याची सालं अर्धा लिटर पाण्यात पंचवीस मिनिटं उकळा, गाळा, गार झाल्यावर त्यात चमचाभर व्हिनेगर घाला. अंड्याच्या कवचात चुना असतो. आंबट पाणी तो किंचित खरवडतं आणि रंग चांगला धरतो. पांढऱ्या कवचाची, आधीच नीट उकडलेली अंडी या पाण्यात अर्धा तास ठेवली की विटकरी-तांबडी होतात. हळदीने पिवळी, किसलेल्या बिटाने गुलाबीसर. जांभळ्या कोबीच्या पाण्यात मात्र ती निळी निघतात, आणि हे पाहून मोठी माणसंही चकित होतात. गावठी अंड्यांच्या मातकट कवचावर हे रंग खुलत नाहीत. उकळण्याचं आणि गाळण्याचं काम मोठ्यांचं, मुलाने फक्त गार पाण्यात अंडं पळीने सोडायचं आणि पळीनेच काढायचं. त्या पळीवर त्याचं सगळं लक्ष एकवटतं, जीभ बाहेर येते. त्या वेळी त्याच्याशी बोलू नये.

अंड्यावर नक्षी हवी असेल तर कोथिंबिरीचं एक पान ओलं करून कवचावर चिकटवा, वरून पातळ मलमलीचा तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि कांद्याच्या पाण्यात सोडा. बाहेर काढून कापड सोडलं की विटकरी अंड्यावर कोथिंबिरीचं पान शिरेसकट पांढरं उमटलेलं असतं. मेणाच्या खडूने मुलाला आधी अंड्यावर गिरगटू दिलं तरी मेण लागलेल्या जागी रंग चढत नाही. युक्रेनची प्रसिद्ध ‘पिसांका’ अंडी मेणाच्या याच तत्त्वावर रंगवतात, आणि २०२४ साली ही कला युनेस्कोच्या वारसायादीत आली.

घरात अंडं शिजत नसेल तर हळदीचा खेळ करा. तो अंड्याइतकाच चांगला आहे. जाड पांढऱ्या कागदाचे मोठे अंडाकृती तुकडे कापा, हळदीच्या दाट पाण्याने मुलाला हातांनी माखू द्या आणि उन्हात न ठेवता घरातच सुकवा. मग वाटीभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून कापसाचा बोळा द्या. पिवळ्या कागदावर बोळा फिरेल तिथे तांबडी रेघ उमटते. क्षारात हळद लाल होते. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर तो लाल होतो, त्याचं कारणही हेच. मुलाला कारण सांगायची गरज नाही, “पिवळं होतं, आता?” इतकं विचारलं की झालं. पुढे ते स्वतःच पाणी मागतं, हात लावतं, नाक लावतं, पुन्हा बोळा फिरवतं. घरात खायचा चुना असला तरी तो या खेळात आणू नका, डोळ्यात गेला तर इजा होते. कपड्यांवर हळद उडणारच. धुऊन कडक उन्हात वाळत घाला, ऊन तो डाग बराचसा खाऊन टाकतं.

आणि रविवारी अंडी शोधायची. या खेळातच सर्वांत जास्त शिक्षण आहे, आणि वय न पाहता तो खेळवला की सगळं बिघडतं.

एका वर्षाच्या मुलासमोर रंगीत अंडं ठेवा, त्याच्या डोळ्यांदेखत वर ओढणी टाका. ते ओढणी खेचतं आणि अंडं सापडल्यावर ज्या आनंदाने तुमच्याकडे बघतं, तो बघण्यासारखा असतो. डोळ्यांआड झालेली वस्तू असतेच, हे बाळाला उपजत उमगत नाही. पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात ते हळूहळू येतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या मुलांशी असेच लपवाछपवीचे खेळ करून हे नोंदवलं होतं. दीड वर्षाच्या मुलासाठी अंडं अर्धवट दिसेल असं ठेवा. दोन वर्षांनंतर पूर्ण लपवा, पण एकाच खोलीत, आणि लपवण्याच्या जागा त्याच्या उंचीच्या असाव्यात.

तीन वर्षांपर्यंत चित्राची खूण किंवा नकाशा देऊ नका. ज्युडी डीलोश या अभ्यासिकेचा १९८७ सालचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तिने खोलीची एक छोटी प्रतिकृती बनवली, तिच्यात मुलांसमोर एक इटुकलं खेळणं लपवलं आणि सांगितलं, मोठ्या खोलीत मोठं खेळणं याच जागी आहे, शोध. तीन वर्षं उलटलेली मुलं सरळ गेली आणि खेळणं काढून घेऊन आली. अडीच वर्षांची मुलं, फक्त काही महिन्यांनी लहान, गोंधळली. प्रतिकृतीत खेळणं कुठे ठेवलं ते त्यांना आठवत होतं, पण ही छोटी खोली म्हणजे ती मोठी खोली, हे नातं त्यांना जोडता येत नव्हतं. तेव्हा तुमचं मूल चित्र पाहून नुसतं उभं राहिलं तर ते मंद नाही, त्याचा दिवस अजून यायचा आहे.

त्याऐवजी शब्दांची खूण द्या. “पाटाखाली बघ.” “टोपलीत आहे का?” “उशीवर?” आत, वर, खाली हे मुलांना आधी कळतं, मागे आणि पुढे उशिरा. इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की या चार अगदी वेगळ्या भाषांतल्या मुलांमध्ये जॉन्स्टन आणि स्लोबिन या संशोधकांना १९७९ साली साधारण हाच क्रम दिसला होता. म्हणून सुरुवातीची अंडी पाटाखाली आणि टोपलीत, शेवटचं एखादं दरवाज्यामागे. सापडलेल्या अंड्यांचे आकडे म्हणत बसण्यापेक्षा “आजोबांना दोन दे” म्हणा. दहापर्यंत धडाधड म्हणणारं मूलसुद्धा दोन मागितले की मूठभर देतं. म्हणणं आणि मोजणं यांच्यातलं हे अंतर आयांना माहीत असलं की मुलाला उगाच ओरडा बसत नाही.

प्लास्टिकची उघडणारी अंडी मिळतात, पण घरातल्या झाकणाच्या डब्या मला जास्त आवडतात, काही दाबून बसणाऱ्या, काही फिरकीच्या. प्रत्येक झाकण मनगटाला वेगळं काम देतं. आत एक लिंबू, एक जास्वंदीचं फूल, रंगीत रुमाल. लिंबाहून लहान काही ठेवू नका. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, गोट्या, कागदात गुंडाळलेली चॉकलेटची बारकी अंडी, सगळी या वयाच्या घशात अडकू शकतात. आणि एक डबी मुद्दाम रिकामी ठेवा. आमच्या नातीने ती उघडली, आत पाहिलं, बोट घालून तळ चाचपला, डबी उलटी करून झटकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “नाय!” मग खळखळून हसली आणि झाकण लावून पुन्हा उघडली. सकाळी करवंटीतही तिने हेच पाहिलं होतं. हे दोन्ही कधी जुळेल ते तिचं तिला ठरवू दे, मी मध्ये बोलत नाही.

सशाबद्दल विचारतातच, म्हणून सांगते. ईस्टरचा ससा जर्मनीचा. १६८२ साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याने अंडी आणणाऱ्या रानसशाची लोकसमजूत लिहून ठेवली आहे. वसईच्या जुन्या ईस्टरात ससा नव्हता. मुलांना हवा तर दोन्ही पायांनी उड्या मारायचा खेळ करा, अडीचच्या आसपास ती उडी जमू लागते.

उरलेल्या उकडलेल्या अंड्यांची घसरगुंडी करता येते. वॉशिंग्टनला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर १८७८ पासून मुलं ईस्टरच्या सोमवारी अंडी लोटतात. आपण एक पाट उशीवर कलता ठेवायचा. आधी लिंबू सोडा, सरळ येतं. मग अंडं सोडा, ते वळसा घेऊन भलत्याच बाजूला जातं. मूल पुढच्या वेळी हात नेमका कुठे धरतं ते बघा. दोन-चार फेऱ्यांतच ते अंड्याच्या वाटेवर जाऊन बसतं. तडा गेलेलं अंडं फेकून देऊ नका, टिचलेलं कवच सोलणं हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे. फक्त आपल्याकडच्या उन्हाळ्यात उकडलेलं अंडं तासाभराहून जास्त बाहेर राहिलं तर ते खायला देऊ नये, तसं अंडं फक्त खेळायला ठेवावं. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकतं.

ईस्टर रविवारी संपत नाही. चर्चच्या पंचांगात तो पुढे पन्नास दिवस, पेंटेकॉस्टपर्यंत चालतो. मुलांनाही एकदा केलेला खेळ रोज हवा असतो, तेव्हा डब्या लपवायचा खेळ आणखी बरेच दिवस चालू द्या. मेथीची परात आणखी दोन-तीन दिवस ठेवली तर कोवळी दोन पानं सुटतात. मग मुलाला बोथट टोकाची कात्री द्या, तुमचा हात त्याच्या हातावर ठेवा आणि ती हिरवळ मुळापासून थोडी वर कापा. धुऊन, बारीक चिरून रात्रीच्या वरणात घाला. चव थोडी कडसर लागते, पण स्वतः पेरलेली आणि कापलेली मेथी मुलं ताटातून बाजूला काढत नाहीत, असा माझा अनुभव आहे.